विकत घेतलेला चित्रपट कोणाचा ?

'विकत घेणें' हे शब्द आपल्या रोजच्या व्यवहारांत इतके मुरलेले आहेत कीं, त्यांचा अर्थ काय असें कोणी विचारल्यास विचारणाराच वेडा ठरावयाचा. तांबटाकडून घागर विकत आणली म्हणजे ती विहिरीवर न्यावी, लेकीस आंदण द्यावी, कीं पोंचा आल्यावर मोडींत घालावी, हें ठरविणें आपल्याकडे. तें विचारावयास तांबट कांहीं आपल्या दारीं येत नाहीं. पुस्तकाची गोष्टहि हीच. तें शेजाऱ्यास वाचावयास देतां येतें, रद्दीच्या दुकानीं विकतां येतें, आणि आजोबांच्या नांवाखालीं नातवाचें नांव घालून पुढच्या पिढीच्या हवालीं करतां येतें. किंमत चुकती झाली कीं वस्तु घेणाराची आणि विकणाराचा संबंध संपला, ही समजूत कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकाहून जुनी आहे.

गेल्या वीस वर्षांत मात्र एका वस्तूच्या बाबतींत ही समजूत नकळत मोडीत निघाली आहे. ती वस्तु म्हणजे चित्रपट. इंटरनेटवरील दुकानांत जाऊन चित्रपट आपल्या संगणकांत उतरवून घेण्याची, म्हणजे रूढ भाषेंत डाऊनलोड करण्याची, सोय झाली, तेव्हां त्या दुकानाच्या बटणावर 'विकत घ्या' हेच जुने शब्द लिहिलेले होते. किंमतहि खऱ्या वस्तूच्या किंमतीच्या जवळपास होती. शब्द जुना राहिला आणि अर्थ मात्र पालटला. तो कसा पालटला, कोणाच्या प्रयत्नानें पालटला, आणि कोणाच्या दुर्लक्षामुळें पालटूं शकला, याचा इतिहास बहुतांशीं अमेरिकेंत घडलेला आहे. कारण तीं दुकानें, ते कायदे आणि ते खटले मुख्यतः तेथलेच. परंतु त्याचीं फळें आपल्याहि घरांत येऊन पोंचलीं असल्यामुळें तो आपणांस अगदींच परका म्हणतां येणार नाहीं.

या इतिहासाचा आरंभ चित्रपटापासून होत नाहीं, एका कादंबरीपासून होतो. १९०४ सालीं अमेरिकेंत 'दि कास्टअवे' नांवाची कादंबरी निघाली. बॉब्स-मेरिल या प्रकाशकांनीं तिच्या आरंभींच अशी सूचना छापली कीं, हें पुस्तक एक डॉलरहून कमी किंमतीस विकण्याची कोणासहि परवानगी नाहीं, आणि कोणी तसें विकल्यास तो ग्रंथस्वामित्वाचा भंग समजण्यांत येईल. न्यूयॉर्कमधील मेसी या प्रसिद्ध दुकानानें तें पुस्तक ८९ सेंटांस विकावयास काढलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि १९०८ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रत एकदां विकली गेल्यावर ती पुढें कोणीं कितीस विकावी, हें ठरविण्याचा प्रकाशकाचा हक्क संपतो. नव्या प्रती छापण्याचा हक्क सर्वस्वीं त्याचाच; पण विकलेल्या प्रतीवर त्याची हुकमत चालत नाहीं. हा नियम पुढें 'पहिल्या विक्रीचें तत्त्व' या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्या देशाच्या कायद्यांत समाविष्टहि झाला. जुन्या पुस्तकांचीं दुकानें आणि सार्वजनिक ग्रंथालयें यांचा तेथील संसार या नियमाच्या आधारावर चालतो.

चित्रपटाच्या बाबतींत हा प्रश्न कित्येक दशकें उद्भवलाच नाहीं. कारण सामान्य माणसानें घरीं आणून ठेवावी अशी ती वस्तूच नव्हती. तिकीट काढावें, अंधारांत बसावें, आणि दिवे लागले म्हणजे आठवण घेऊन घरीं यावें, एवढाच प्रेक्षकाचा त्याच्याशीं संबंध. १९७५ सालीं सोनी कंपनीनें बेटामॅक्स आणि पुढच्याच वर्षीं जेव्हीसी कंपनीनें व्हीएचएस हीं यंत्रें बाजारांत आणलीं, तेव्हां ही स्थिति पालटली. दूरदर्शनवर चाललेला कार्यक्रम फितीवर टिपून ठेवावा व सवडीनें पाहावा, ही कल्पनाच त्या काळीं नवलाची होती. एका वाहिनीवरील 'कोलंबो' पाहत असतां दुसऱ्या वाहिनीवरील 'कोजॅक' चुकावयास नको, अशा अर्थाची जाहिरात सोनीनें केली. हे दोन्ही कार्यक्रम युनिव्हर्सल कंपनीचे होते. त्या कंपनीनें आणि डिस्ने कंपनीनें मिळून १९७६ सालीं सोनीवर फिर्याद केली. घरोघर होणाऱ्या या नकला म्हणजे चोरी, आणि चोरीचें साधन विकणारा तो चोराचा साथीदार, असें वादींचें म्हणणें होतें.

हा खटला आठ वर्षें चालला. १९७९ सालीं सोनीच्या बाजूनें निकाल लागला, १९८१ सालीं वरच्या न्यायालयानें तो फिरविला, आणि १९८४ च्या जानेवारीच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो पुन्हां सोनीच्या बाजूनें दिला. मुलांच्या कार्यक्रमामुळें अमेरिकेंत घरोघर परिचित असलेले फ्रेड रॉजर्स यांनीं साक्ष दिली होती कीं, कुटुंबांनीं आपला कार्यक्रम टिपून ठेवून सोईच्या वेळीं पाहिल्यास आपली मुळींच हरकत नाहीं. आणि न्यायालयानें या साक्षीचा आपल्या निकालपत्रांत मुद्दाम उल्लेख केला. दुसऱ्या पक्षाची भाषा किती टोकाला गेली होती, याचेंहि एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकन चित्रपट-निर्मात्यांच्या संघाचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनीं १९८२ सालीं कायदेमंडळाच्या समितीपुढें बोलतांना, चित्रपट-निर्मात्यांस हें यंत्र म्हणजे एकट्या स्त्रियांस बोस्टनचा गळे आवळणारा खुनी तसें आहे, अशी उपमा दिली. त्या निर्णयांत एकच मत इकडचें तिकडे झालें असतें तर काय झालें असतें, याचा विचार केला म्हणजे, ज्यांस आपण नैसर्गिक समजतों ते हक्क किती बारीक धाग्यावर लोंबकळत असतात, हें कळून येतें.

याच सुमारास दुसरीकडे चित्रपटाच्या तयार फिती विकण्याचा धंदा निघाला होता. आंद्रे ब्ले या गृहस्थानें १९७७ सालीं ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स कंपनीकडून पन्नास चित्रपट फितींवर विकण्याची परवानगी मिळविली. एका फितीची किंमत पन्नास डॉलरच्या घरांत होती. त्याच वर्षीं जॉर्ज ॲटकिन्सन यानें लॉस एंजेलिस शहरांत अशा फिती विकत घेऊन भाड्यानें देण्याचें दुकान उघडलें. निर्मात्यांस हा भाड्याचा धंदा मानवला नाहीं. परंतु १९०८ चें तें जुनें तत्त्व आडवें आलें. फीत विकली ती विकली. घेणारानें ती भाड्यानें दिली तर निर्मात्यानें कोणत्या तोंडानें अडवावें? त्या तत्त्वाच्या आश्रयानें गल्लोगल्लीं दुकानें निघालीं, पुढें फितींची किंमतहि उतरली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन निर्मात्यांस चित्रपटगृहांपेक्षां घरगुती फितींपासूनच अधिक उत्पन्न होऊं लागलें. ज्या यंत्रास त्यांनीं खुनी म्हटलें होतें, त्यानेंच त्यांचें घर भरलें.

आपल्याकडे हें यंत्र १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास, रंगीत दूरदर्शनच्या पाठोपाठ, घरांत शिरूं लागलें. तें विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. पण एका रात्रीपुरतें तें भाड्यानें आणावें, सोबत तीन फिती आणाव्या, आणि चाळींतल्या सगळ्यांनीं मिळून पहांटेपर्यंत जागावें, हा प्रकार त्या पिढीच्या पुष्कळांनीं अनुभवलेला आहे. पुढें फिती जाऊन तबकड्या आल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीनें चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास आणली, तेव्हां मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतहि पुस्तकांच्या कपाटाशेजारीं चित्रपटांचा एक कप्पा तयार झाला. ती कंपनी पुढें कर्जांत बुडाली आणि २०१८ सालीं तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. परंतु तिची एखादी तबकडी आज कपाटांतून काढून यंत्रांत घातली, तर ती कंपनी हयात आहे कीं नाहीं याची चौकशी न करतां चित्रपट सुरू होतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

तबकडीबरोबरच एक नवी वस्तु आली होती. ती म्हणजे कुलूप. डीव्हीडी ही जपानांत १९९६ च्या व अमेरिकेंत १९९७ च्या सुमारास निघाली, तेव्हांच तिच्यावरील मजकूर सांकेतिक रीतीनें गुंडाळून ठेवण्याची योजना करण्यांत आली. तो उलगडण्याची किल्ली ज्या यंत्रांत, त्याच यंत्रावर ती चालावयाची. शिवाय जगाचे विभाग पाडण्यांत आले. अमेरिका पहिल्या विभागांत आणि हिंदुस्थान पांचव्यांत. त्यामुळें न्यू जर्सींत राहणाऱ्या भावानें हौसेनें आणलेली तबकडी पुण्यांतल्या बहिणीच्या यंत्रानें नाकारावी, असे प्रसंग येऊं लागले. १९९८ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें एक कायदा करून असें कुलूप उघडणें हाच स्वतंत्र अपराध ठरविला. तबकडी तुमची, पण तिचें कुलूप तुमचें नव्हे, अशी विलक्षण स्थिति तेव्हांपासून सुरू झाली.

तरीहि त्या वेळीं लोक जागे होते, याचा एक पुरावा इतिहासांत आहे. १९९८ सालीं सर्किट सिटी या अमेरिकन दुकानदार कंपनीनें डिव्हएक्स नांवाच्या तबकड्या विकावयास काढल्या. तबकडीची किंमत साडेचार डॉलरच्या आसपास. ती घरीं नेऊन प्रथम लावली कीं ४८ तास पाहतां यावयाची, आणि मग बंद. पुन्हां पाहावयाचें असल्यास यंत्र टेलिफोनच्या तारेनें कंपनीशीं बोलणार, पैसे खात्यावर मांडणार, आणि मग चित्रपट दाखविणार. लोकांनीं या प्रकाराची सर्वत्र छी-थू केली. आपल्या दिवाणखान्यांत ठेवलेल्या तबकडीनें आपल्यावरच पहारा करावा, ही कल्पनाच त्यांस असह्य झाली. वर्ष पुरें होण्याच्या सुमारास, १९९९ च्या जूनमध्यें, कंपनीनें तो धंदा गुंडाळला. आणि २००१ च्या मध्यास तिचें मध्यवर्ती यंत्र बंद पडतांच जगांतील यच्चयावत् डिव्हएक्स तबकड्या निरुपयोगी झाल्या.

आतां प्रश्न असा कीं, १९९९ सालीं ज्या लोकांनीं ही गोष्ट झिडकारली, त्यांनींच सहा-सात वर्षांनीं तीच गोष्ट दुसऱ्या वेषांत आनंदानें कशी स्वीकारली ?

२००५ च्या ऑक्टोबरांत ॲपल कंपनीनें खिशांत मावणाऱ्या आयपॉडवर चित्रें दाखविण्याची सोय केली आणि दूरदर्शनच्या मालिकांचा एकेक भाग १ डॉलर ९९ सेंटांस देऊं केला. २००६ च्या जानेवारींत गुगलनें, लास व्हेगास येथील यंत्रांच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनांत, आपलें व्हिडिओचें दुकान जाहीर केलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत एका आठवड्याच्या अंतरानें ॲमेझॉनचें अनबॉक्स आणि ॲपलचें चित्रपटांचें दुकान हीं दोन्ही उघडलीं. ॲपलपाशीं आरंभीं डिस्ने व तिच्या शाखांचे ७५ चित्रपट होते, आणि किंमत १० पासून १५ डॉलरपर्यंत, म्हणजे डीव्हीडीच्या जवळपासच, होती. फरक एवढाच कीं, हा चित्रपट साध्या डीव्हीडी यंत्रावर चालेल अशी तबकडी करून घेण्याची मनाई होती. ॲमेझॉनकडून घेतलेला चित्रपट ॲपलच्या यंत्रावर चालत नव्हता. आणि दोहोंपैकीं कोणताहि शेजाऱ्यास देतां येत नव्हता कीं जुन्या बाजारांत विकतां येत नव्हता.

त्या काळीं नव्या यंत्रांच्या बातम्या देणारीं नियतकालिकें अमेरिकेंत भरभराटीस आलेलीं होतीं. १९६७ सालीं न्यूयॉर्कांत ज्या प्रदर्शनाची सुरुवात झाली होती, त्याच्या वार्ता आतां जगभर तासातासाला वाचल्या जात. या वार्तांत काय असे ? चित्राचे बिंदु किती, साठवणीची जागा किती, चित्रपट उतरवून घेण्यास तास किती लागतात, यंत्राची जाडी किती, आणि अमुक कंपनीनें तमुक कंपनीवर मात केली कीं नाहीं. हे प्रश्न निरर्थक नव्हेत. किंमत फार आहे आणि बंधनें जाचक आहेत, अशी टीका करणारेहि कांहीं होते. परंतु एकंदर कौतुकाच्या गलबल्यांत, विक्रीच्या करारनाम्यांत काय लिहिलें आहे आणि दहा वर्षांनीं या खरेदीचें काय होईल, हा प्रश्न मागें पडला. घर घेतांना भिंतींचा रंग पाहावा आणि खरेदीखत मात्र न वाचतां सही करावी, तसा हा प्रकार झाला. डिव्हएक्सच्या वेळीं बंधन डोळ्यांसमोर होतें. तबकडी हातांत होती आणि ती मरत असलेली दिसत होती. येथें हातांत कांहींच नसल्यामुळें, आपल्या हातून कांहीं गेलें, हेंहि कोणास जाणवलें नाहीं.

जाणवण्याचा प्रसंग मात्र लवकरच आला. २००७ च्या ऑगस्टमध्यें गुगलनें आपल्या ग्राहकांस कळविलें कीं, व्हिडिओचें दुकान बंद होत असून १५ ऑगस्टनंतर विकत घेतलेले कार्यक्रम पाहतां येणार नाहींत. प्रदर्शनांतील त्या थाटाच्या घोषणेस अजून दोन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. मोबदला म्हणून कंपनीनें प्रथम आपल्याच दुसऱ्या एका सेवेंत खर्च करावयाची पत देऊं केली. लोकांनीं ओरड केल्यावर संपूर्ण रक्कम परत केली आणि सहा महिन्यांची मुदतहि वाढविली. त्याच वर्षीं वॉलमार्टनें फेब्रुवारींत उघडलेलें चित्रपट-डाऊनलोडचें दुकान डिसेंबरांत बंद केलें. घेतलेले चित्रपट ज्या संगणकावर उतरविले होते त्यावरच चालतील, दुसऱ्या संगणकावर नेतां येणार नाहींत, असें ग्राहकांस सांगण्यांत आलें. २०११ सालीं अनेक निर्मात्यांनीं मिळून अल्ट्राव्हायोलेट नांवाची सामायिक व्यवस्था काढली. एकदां विकत घ्यावें व कोठेंहि पाहावें, असा तिचा बाणा होता. ती २०१९ च्या जुलै अखेर बंद झाली. ज्यांनीं वेळींच आपलें खातें दुसऱ्या दुकानांशीं जोडून घेतलें, त्यांचे बहुतेक चित्रपट राहिले. २०२३ च्या डिसेंबरांत सोनीनें कळविलें कीं, डिस्कव्हरी वाहिनीचे जे कार्यक्रम प्लेस्टेशनच्या ग्राहकांनीं विकत घेतले आहेत, ते वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहांतून काढून घेण्यांत येतील. पुढें नवा करार होऊन हें संकट निदान ३० महिन्यांपुरतें टळलें. परंतु तें टळलें तेंहि दोन कंपन्यांच्या आपसांतील तडजोडीनें. ग्राहकाच्या हक्कामुळें नव्हे.

काळाची एक विचित्र गति येथें दिसून येते. १९७६ सालीं घरांत चित्र टिपून ठेवण्याचा हक्क हिरावूं पाहणारी कंपनी कोणती आणि त्या हक्कासाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडलेली कंपनी कोणती, हें वर सांगितलेंच आहे. ४७ वर्षांनीं तीच सोनी कंपनी ग्राहकांच्या संग्रहांतून विकलेली वस्तु काढून घेण्याची सूचना देत होती. यांत कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाहीं. यंत्र विकणाराचा फायदा ग्राहकाच्या स्वातंत्र्यांत असतो आणि मजकूर विकणाराचा त्याच्या बंधनांत. मधल्या काळांत ती कंपनी चित्रपट-निर्मातीहि झाली होती. आपला हक्क कोणी सांभाळील म्हणून ग्राहकानें एखाद्या कंपनीच्या तोंडाकडे पाहत बसणें किती व्यर्थ आहे, एवढाच यांतला बोध.

कोणी म्हणेल, डिजिटल वस्तूचा हा धर्मच आहे. तिला कुलूप लागणें अपरिहार्य आहे. परंतु गाण्यांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. गाणींहि प्रथम कुलुपासकटच विकलीं जात. २००७ सालीं ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं तीं कुलुपें काढून टाकावीं असें जाहीर पत्र लिहिलें, त्याच वर्षीं ईएमआय कंपनीनें तें मान्य केलें, आणि २००९ सालीं त्या दुकानांतील सर्व गाणीं कुलुपावांचून मिळूं लागलीं. संगीताचा व्यापार त्यामुळें बुडाला नाहीं. चित्रपटाचें कुलूप मात्र निघालें नाहीं. गाण्याची सीडी मूळ रचनेंतच बिनकुलुपी असल्यामुळें डाऊनलोडला कुलूप लावून कांहींच साधत नव्हतें. चित्रपटाची डीव्हीडी जन्मापासूनच कुलुपांत होती, आणि संगीतवाल्यांची झालेली त्रेधा चित्रपटवाल्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. यांत निसर्गनियम कोठेंच नाहीं. आहे तो केवळ व्यापाऱ्यांचा आणि ग्राहकांचा इतिहास.

न्यायालयांनींहि या नव्या मालास जुन्या तत्त्वाचें छत्र दिलें नाहीं. घेतलेलीं गाणीं पुन्हां विकण्याची सोय करणाऱ्या रीडिजि नांवाच्या कंपनीविरुद्ध न्यूयॉर्क येथें २०१३ सालीं निकाल लागला आणि २०१८ सालीं तो अपिलांत कायम झाला. पुस्तक दुसऱ्यास देतांना पुस्तकच जातें. फाईल दुसऱ्यास देतांना मात्र तिची नवी नक्कल तयार होते, आणि नक्कल करण्याचा हक्क तर १९०८ पासून मालकाकडेच राखलेला आहे, असा हा युक्तिवाद. तर्कदृष्ट्या तो निर्दोष असेलहि. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, पुस्तकांच्या वेळीं ग्राहकास जें मिळालें होतें तें डाऊनलोडच्या वेळीं एका तांत्रिक भेदामुळें गेलें.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि न्यायानें ऐकावयास पाहिजे. बहुतेक चित्रपट माणूस एकदांच पाहतो. मग त्यांची मालकी कशाला? महिन्याची वर्गणी भरून हवें तें पाहावें, हें पुष्कळांस सोईचें आहे आणि स्वस्तहि. शिवाय हातांतली वस्तु तरी कोठें अमर असते ? फितींस पावसाळ्यांत बुरशी येते, तबकड्यांवर चरे पडतात. आणि जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैंत व्हीसीआर तयार करणें थांबविल्यावर, कपाटांतल्या चांगल्या फितीहि दाखविणार कशावर, हा प्रश्न उभा राहिला. हें सारें खरें आहे. भाड्यानें राहणें हा कांहीं गुन्हा नव्हे, आणि भाड्याच्या घरांत पुष्कळांनीं सुखाचे संसार केले आहेत. आमचा आक्षेप भाड्यास नाहीं; भाड्याच्या पावतीवर 'खरेदीखत' असें लिहिण्यास आहे. ज्यास भाड्यानें घ्यावयाचें त्यानें भाडें समजून भाड्याच्या दरानें घ्यावें. परंतु पूर्ण किंमत घेऊन, 'विकत' हा शब्द उच्चारून, आणि मग बारीक अक्षरांतील कलमाच्या आधारें ती वस्तु कधींहि परत नेण्याची मुभा राखून ठेवणें, हा सरळ व्यवहार नव्हे.

आणि यांत केवळ दहा-पंधरा डॉलरांचा प्रश्न असता, तर आम्हीं इतकी शाई खर्च केली नसती. खरा प्रश्न समाजाच्या स्मरणशक्तीचा आहे. १९३१ च्या मार्चच्या १४ तारखेस मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट लागला. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ज्यांच्यापाशीं त्याच्या प्रती होत्या ते धंदेवाईक होते, आणि धंद्याच्या दृष्टीनें चित्रपट जुना झाला कीं त्याची किंमत संपते. उलट दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांचे जे तुकडे आज पाहावयास मिळतात, ते कोणी तरी ते हातांनीं जपले म्हणून. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि त्यासाठीं जन्मभर वणवण करणारे पी. के. नायर यांस अशा विखुरलेल्या रिळांचा मागोवा घेत, जेथें कोणी कांहीं ठेवलें असेल तेथें जावें लागलें. 'जेथें कोणी ठेवलें असेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या काळांत कोणापाशींच कांहीं ठेवलेलें नसेल, सर्व चित्रपट दोन-चार कंपन्यांच्या यंत्रांत असतील, आणि ग्राहकांपाशीं केवळ पाहण्याची परवानगी असेल, त्या काळांतील नायरांनीं कोणाचें दार ठोठवावें ? व्यापारास नकोसा झालेला चित्रपट कोणा वेड्या रसिकाच्या कपाटांत टिकतो, हा आजवरचा अनुभव आहे. तें कपाटच रिकामें झालें तर पुढच्या पिढ्यांच्या 'आलम आरा' कोठें शोधावयाच्या?

अलीकडे मात्र एक पाऊल योग्य दिशेनें पडलें आहे. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ सालीं एक कायदा केला, आणि तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. ज्या डिजिटल वस्तूवर ग्राहकास केवळ परवाना मिळतो, ती विकतांना 'खरेदी' किंवा 'विकत घ्या' असे शब्द वापरावयाचे असल्यास, हा परवाना आहे व तो काढून घेतला जाऊं शकतो, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे, असें त्याचें तात्पर्य. ज्या फाईली एकदां उतरवून घेतल्यावर इंटरनेटवांचून कायमच्या वापरतां येतात, त्यांस हा नियम लागू नाहीं. या कायद्यानें कुलूप निघत नाहीं कीं हक्क परत मिळत नाहीं. फक्त शब्दास त्याचा खरा अर्थ सांगण्यास भाग पडतें. परंतु शब्दांच्या खोट्या वापरानें जें हरवलें, तें शोधण्याचा आरंभ शब्द खरे करण्यापासूनच व्हावयाचा.

तोंवर आपल्यासारख्या कुटुंबवत्सल माणसांनीं काय करावें ? नव्या यंत्राची बातमी वाचतांना, तें काय करूं शकतें या प्रश्नाबरोबरच, त्याचा कर्ता उद्यां नाहींसा झाला तर त्यांतील माझें काय राहील, हा दुसरा प्रश्न स्वतःस विचारावा. जो चित्रपट एकदांच पाहावयाचा तो खुशाल भाड्यानें पाहावा. परंतु जो मुलांनीं आणि नातवंडांनीं पाहावा असें वाटतें, तो हातांत धरतां येईल अशा रूपांत, किंवा कुलुपावांचून मिळत असल्यास त्या रूपांत, घरीं आणावा. आणि ज्या कपाटांत आजोबांचीं पुस्तकें आहेत, त्याच कपाटांत त्यास जागा द्यावी. एका दुकानदारानें ११ सेंटांची सूट दिली आणि प्रकाशकाच्या दटावणीस भीक घातली नाहीं, म्हणून त्या देशांतील वाचकांचा हक्क कायद्यांत ठरला. १९९९ सालीं ग्राहकांनीं एका तबकडीकडे पाठ फिरविली, म्हणून ती बाजारांतून गेली. २००६ सालीं कोणीं विचारलें नाहीं, म्हणून कोणीं सांगितलें नाहीं. या तीन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे, हक्क राखणें शेवटीं कोणाच्या हातीं आहे, हें निराळें सांगावयास नको.